जागल्याची हाक

माझा धाकटा भाऊ विष प्यालेला नव्हता. हे वाक्य आधी लिहिणे भाग आहे, कारण त्या वर्षी आमच्या गावात ते कोणी मान्य करीत नव्हते.

गाव दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. विहिरींचे पाणी मचूळ, जमीन काळी आणि खोल. पावसाळ्यात कपाशी, आणि पाऊस उघडल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा. मी शिकलो, अमरावतीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवू लागलो आणि तिथलाच झालो. भाऊ गावात राहिला. शेती त्याची, शिकवणे माझे. एकमेकांच्या कामात आम्ही कधी बोललो नाही.

भावाची गावात ओळख होती ती त्याच्या मुठीमुळे. तिफणीने पेरताना एक जण बैल हाकतो आणि दुसरा मागे चालत चाड्यात बी सोडतो. चाडे म्हणजे लाकडी वाटी. तिच्या तळाच्या छिद्रांतून बी पोकळ नळ्यांत उतरते आणि तिथून जमिनीत पडते. बी किती पडावे हे मूठ ठरवते. पाय ढेकळांतून चालत असताना अंगठा आणि बोटे यांच्यामधून दाणे एकसारखे सुटत राहिले पाहिजेत. मूठ घट्ट झाली की ओळीत खाडे पडतात, सैल झाली की दाटी होते. ही चूक झाकता येत नाही. आठवड्याभरात ती उगवून येते आणि पीक निघेपर्यंत गावासमोर उभी राहते. भावाच्या वावरात, म्हणजे शेतात, अशी चूक कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे पेरणीच्या दिवशी पहिली मूठ त्याने धरावी म्हणून लोक त्याला बोलावीत. तो जाई, एक ओळ टाकी, चहा घेई आणि परत येई. आमच्या गावात याहून मोठा मान नव्हता आणि त्याहून कमी बोलला जाणाराही नव्हता.

त्या वर्षांत आमच्या भागातले शेतकरी फवारणीचे औषध पिऊन मरत होते. त्याची कारणे इतरांनी पुष्कळ लिहिली आहेत, मी लिहीत नाही. एवढे सांगतो की एखादा माणूस वावरात आडवा दिसला की गाव दुसरे काही विचारत नसे. विचारण्याची गरज उरली नव्हती.

त्या भाद्रपदात भावाच्या तळपायांना काही दिवस मुंग्या येत होत्या. चिखलात उभे राहून आल्या असतील असे त्याने ठरवले आणि कपाशीवर फवारणी चालू ठेवली. एका सकाळी तो पाठीवरचा पंप टेकवण्यासाठी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला, आणि त्याला उठता येईना. निंदणाऱ्या बायका धावल्या. त्यांना दिसले ते असे: पाठीला पंप, शेजारी औषधाचा उघडा डबा, चेहरा सैल, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळणारी लाळ. बायकांनी ओरड केली. गाव गोळा झाले आणि कोणीतरी बैलगाडी जोडली.

तालुक्याच्या दवाखान्यात नाकातून नळी घालून पोट धुतले गेले आणि विषावरची इंजेक्शने सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे त्या हंगामात याच अवस्थेतली माणसे याच कारणाने येत होती. भाऊ सांगत राहिला की मी प्यालो नाही. तसे सगळेच सांगतात, असे त्याच्या उशाशी बसलेल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले. त्यांत पारावरचे सर्वांत वयस्क पाटील होते. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात विचारले, "काहून केलं बाप्पा असं? आमाले सांगायचं होतं."

भाऊ फार संतापला होता, असे त्याने मला नंतर सांगितले. पण रागालाही चेहऱ्याचे स्नायू लागतात, आणि ते गेले होते. त्याच्या निर्विकार चेहऱ्यावरून लोकांनी पश्चात्ताप वाचला.

मी अमरावतीहून बसने पोचलो. खाटेशी उभा राहून मी त्याला एकदाच विचारले. तो म्हणाला, "नाई, दादा." तो मला कधी खोटे बोलला नव्हता. मी गाडी सांगितली आणि आम्ही त्याला अकोल्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. त्याच्या बायकोचे माहेर रिद्धपूरकडचे, महानुभाव पंथाचे. तिला वाटेत दोघातिघांनी सुचवले की अमुक बाबाचा अंगारा लावून न्या. ती म्हणाली की आमच्याकडे एका देवाशिवाय दुसऱ्या दारी जात नाहीत, आणि गाडीत बसली.

अकोल्याच्या डॉक्टर मज्जासंस्थेच्या जाणकार होत्या. पुण्याकडून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी आधी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, मग रबरी हातोडीने गुडघ्यावर ठोकले. पाय हलला नाही. दुसरा गुडघा, घोटे, कोपरे. काही हलले नाही. त्या म्हणाल्या की या विषात अशक्तपणा असा पायांकडून वर चढत येत नाही. मग भावाला विचारले की पंधरवड्याभरात आपल्याला जुलाब झाले होते का.

भावाला बोलणे जड जात होते. उत्तर त्याच्या मित्राने दिले. हा मित्र धुऱ्याला धुरा लागून असलेल्या वावराचा मालक. घरी उर्दू बोलणारा, वावरात वऱ्हाडी, आणि भावाशी भांडताना दोन्ही. दोघे एका शाळेत शिकले होते. भाऊ पडला त्या दिवशी हा कापडाच्या खरेदीसाठी अकोल्यातच, जठारपेठेत होता. बातमी कळताच थेट रुग्णालयात आला.

"दोघायलेही हगवण लागली होती, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "एकाच दिवशी. याची गाय व्याली होती. दूध पाजलं यानं मले, थनाखालचं."

डॉक्टरांनी मान वर केली. दूध उकळले होते का, असे त्यांनी विचारले. मित्राने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्यांनी पाणी तळून प्यायले होते का असे विचारले होते. धारोष्ण दूध, थेट कासेखालचे, कोमट, फेसासकट. आमच्या वडिलांनी ते आयुष्यभर प्यायले. भाऊ ताकदीसाठी पीत असे आणि न पिणाऱ्यांना शहरी समजत असे. मला तर तो तोंडावरच म्हणत असे की दादा, तुझी हाडं पिशवीच्या दुधाची आहेत.

डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले. दोन फ्रेंच नावांची जोडी होती. त्यांनी समजावले ते असे: आतड्याच्या एका जंतूनंतर कधीकधी शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. जंतू दुधातूनच आला असेल असे खात्रीने सांगता येत नाही, पण असू शकते. विष नाही, हे मात्र खात्रीने. पुढचा धोका श्वासाचा. अशक्तपणा छातीपर्यंत चढला तर घशात नळी घालून यंत्रावर ठेवावे लागेल.

श्वास किती उरला आहे हे पाहण्याची एक साधी रीत असते. रोग्याने एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत आकडे मोजायचे. डॉक्टरांनी तसे सांगितले. भावाने अडखळत विचारले की आकडे कशाला. मग श्वास भरून तो वावरे मोजू लागला. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असते. गावाच्या वेशीपासून नदीपर्यंत एका रांगेत ती अशी: वेशीचे, चिंचेचे, पांढरीचे, जोडविहिरीचे, काझीचे, बाभुळबन, नाल्याचे, थडीचे, नदी. पहिल्या संध्याकाळी तो एका श्वासात नाल्यापर्यंत गेला.

डॉक्टरांनी आक्षेप घेतला नाही. त्यांनी मित्राकडून क्रम समजून घेतला, आणि पुढे रोज दोन वेळा येऊन त्या विचारीत, "आज कुठपर्यंत?" पुण्याच्या स्वच्छ उच्चारांत आमच्या बाभुळबनाचे नाव ऐकणे चमत्कारिक होते. दुसऱ्या दिवशी भाऊ काझीच्या वावरात थांबला. त्यानंतर पांढरीत. त्यानंतर चिंचेत. यंत्र खाटेशेजारी आणून ठेवले गेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की चिंचेपर्यंतही जाता आले नाही, आणि वेशीतच दम संपला, तर मी वाट पाहणार नाही.

नागपूरहून बर्फाच्या पेटीत औषध आले. अनेक अनोळखी माणसांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंवर धावून जाणारी प्रथिने. भावाच्या शरीरातल्या पेटलेल्या प्रतिपिंडांना ती आवर घालतील, असा त्यामागचा हिशेब. ती शिरेत थेंबथेंब जात राहिली. भाऊ चिंचेखाली अडकून राहिला. मागे आला नाही, पुढेही गेला नाही. त्याची बायको व्हरांड्यात बसून असे. कोणी आत जाऊन आला की ती फक्त त्याच्या तोंडाकडे पाही.

मग एका दुपारी मित्र बाहेर आला आणि भिंतीला टेकून म्हणाला, "भाभी, गडी पांढरीत गेला."

ती उठली, नळावर गेली आणि तोंड धुऊन आली. मी बाहेर जाऊन चहा सांगितला.

त्यानंतर तो मागे फिरला नाही. जोडविहीर, काझी, बाभुळबन. ज्या दिवशी तो एका श्वासात नदीवर पोचला, त्या दिवशी थांबला नाही. पलीकडच्या गावच्या वावरांची नावे घेऊ लागला. मित्राने हरकत घेतली की ती आपली नाहीत. भाऊ म्हणाला, "पाहून राहिलो, पेरा कसा हाये त्यायचा." यंत्र दुसऱ्या खोलीत नेले गेले.

पुढचे आठवडे पडून राहण्याचे होते. मी शनिवारी अमरावतीहून येई आणि जठारपेठेतल्या एका नातलगाच्या माडीवर उतरे. येताना वाचायला काही आणीत असे. मी अनेक वर्षे प्रतिकारशक्ती शिकवली होती. आमच्या पाठ्यपुस्तकात सहजात प्रतिकारशक्तीला, म्हणजे जन्मापासून असते आणि कोणत्याही जंतूशी पूर्वओळख लागत नाही तिला, जेमतेम एक परिच्छेद होता. मोघम, आंधळी, प्राथमिक, अशी विशेषणे होती. त्या वर्षांत जी नियतकालिके विद्यापीठाच्या ग्रंथालयात येत, त्यांत वेगळेच लिहिलेले असे. पहारा देणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ग्राही, म्हणजे खूण पकडणारे रेणू, असतात. ते प्रत्येक जंतूला नावानिशी ओळखत नाहीत, पण जंतूंच्या जातीची एखादी ढोबळ खूण ओळखतात. त्यांनी ओळखले आणि हाक दिली, तरच पुढची सारी फौज उठते. सगळ्या लढाईची सुरुवात तिथे होती. मी हे वाचून माझी व्याख्याने बदलली. पण पहिले व्याख्यान रुग्णालयातच झाले, कारण भावाने विचारले.

"माह्याच अंगानं मले काहून मारलं, दादा?"

मी त्याला वावरातली जागल आठवायला सांगितली. जागल्या मचाणावर बसलेला असतो. अंधारात त्याला जनावर दिसत नाही, पण नाल्याकडून येणाऱ्या खुरांचा आवाज त्याला कळतो. रोही, म्हणजे नीलगाय, आहे की डुक्कर, कोणत्या कळपातले, हे त्याला ठाऊक नसते. त्याची गरजही नसते. तो डबा बडवतो. तो जागल्या म्हणजे हे ग्राही. डबा ऐकून काठ्या घेऊन येतात ते गावकरी म्हणजे प्रतिपिंडे. ते उजेडात नीट पाहतात, खूण लक्षात ठेवतात आणि ती खूण दिसेल तिथे मारतात. आता समज की त्या रात्री आलेल्या जनावराच्या अंगावर आपल्याच बैलासारखी झूल होती. जागल्याने खुरांवरून ओळखले, ते बरोबर ओळखले. पण गावकऱ्यांनी झूल लक्षात ठेवली. जनावर मारून झाले आणि ते काठ्या घेऊन गोठ्यात शिरले.

त्या जंतूचे तसेच आहे, असे मी सांगितले. त्याच्या आवरणावर बाहेरून जी साखर असते ती आपल्या मज्जातंतूवरच्या साखरेसारखी दिसते. ती झूल. तिच्या खाली आवरणात रुतलेले स्निग्ध मूळ असते, ते खूर. ग्राही मूळ ओळखतात, प्रतिपिंडे साखर.

 भाऊ म्हणाला, "म्हंजे जागल्या बराबर वरडला."

मी म्हटले, बरोबर ओरडला.

"अन् गावकरी?"

मी म्हटले, त्यांनीही आपले कामच केले.

"म्हंजे चूक कोणाचीच नाई, अन् मार बैलाले," भाऊ म्हणाला. "गावानंबी मले तेच केलं."

 मी मनात विचार केला. गावाच्या जागल्याने त्या वर्षांत जितक्या वेळा डबा बडवला होता, तितक्या वेळा बहुधा खरेच काही घडलेले होते. पंप, औषधाचा डबा आणि पडलेला माणूस, एवढ्या खुणेवर हाक द्यायला तो शिकला होता. अशा काळात न ओरडणारा जागल्या अधिक वाईट. पण हे ज्याच्या नाकात नळी घातली गेली त्याला सांगण्यासारखे नव्हते.

मित्राचा प्रश्न व्यावहारिक होता. दूध दोघांनी प्यायले, हगवण दोघांना लागली, मग हा पडला आणि मी काहून नाही. मी सांगितले की माणसागणिक ग्राहींमध्ये बारीक फरक असतात. कोणाची हाक मोठी, कोणाची लहान. त्यामुळे असे होत असेल असे काही संशोधक म्हणतात, काहींना ते पटत नाही. निश्चित कोणालाच माहीत नाही.

"मले माहीत हाये," मित्र म्हणाला. "माहा जागल्या झोपला होता. खानदानी आळशी हाये तो."

भावाच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. कित्येक आठवड्यांनंतरचे ते पहिले हसू. अर्धेच होते.

आणखी एक गोष्ट मी त्यांना पुढच्या खेपेस सांगितली. मज्जातंतूवरचे फाटलेले आवरण आधी उचलून साफ करावे लागते, तेव्हा नवे चढते. ते साफ करणाऱ्या पेशींना बोलावण्यात याच ग्राहींचा हात असतो, असे दिसू लागले होते. ज्याने डबा बडवला, तोच झाडणाऱ्यांनाही बोलावतो. मित्राने दाद दिली. "वा रे गावकरी. पहिले गोठा पाडला, आता मलबा उचलून राहिले."

भाऊ गावी परतला तेव्हा कपाशीची वेचणी चालू होती. त्याला खुर्चीवर बसवून उचलून घरात नेले गेले. पायांपेक्षा हात मागे होते आणि हातांपेक्षा बोटे. घरातल्या मंडळींनी त्याच्या येण्याआधी फवारणीचे सगळे डबे शेजाऱ्याकडे हलवले होते. विहिरीचा दोरही काढून ठेवला होता. हे त्याच्या बायकोने केलेले नव्हते. काळजी करणाऱ्या नातलगांनी केले होते. एक काका तर ओसरीवर राखणीला बसले. भावाने त्यांना जवळ बोलावले आणि सांगितले की मला अजून घास तोंडापर्यंत नेता येत नाही, डब्याचे झाकण कोण उघडून देणार, तुम्ही काय? काका दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

डॉक्टरांनी बोटांचे व्यायाम लिहून दिले होते. रबरी चेंडू दाबा, मणी ओवा. भावाने चेंडू शेजारच्या पोरांना दिला. मित्राने तिफणीचे चाडे सोडवून आणले आणि खाटेच्या पायाशी बांधले, खाली पितळी ताट ठेवले. भाऊ हरभऱ्याची मूठ भरून चाड्यावर धरू लागला. आरंभी सगळी मूठ एकदम सांडे. ताटावर गारा पडल्यासारखा आवाज होई, आणि त्याची बायको दाणे गोळा करून पुन्हा त्याच्या हातात देई. मग मूठ धरली जाऊ लागली, पण अडकून अडकून सुटे. मी शनिवारी अंगणात शिरताच ताटाच्या आवाजावरून प्रगती ओळखत असे. उन्हाळ्याच्या शेवटी तो आवाज जवळजवळ सलग झाला होता. जवळजवळ.

त्या वर्षीच्या खरिपाच्या पेरणीला भावाला पहिल्या मुठीसाठी कोणी बोलावले नाही. हात अजून धड नाही, असे त्याला सांगण्यात आले. ते खोटे नव्हते. पण त्याच्या बायकोने चक्कीवर दुसरे ऐकले. वयस्क पाटलांच्या घरची एक बाई दुसरीला म्हणाली होती, "इखाची मूठ कोन लावीन वावराले?"

इख म्हणजे विष. अकोल्याच्या डॉक्टरांनी काय सांगितले ते गावाला माहीत होते, मित्र ते पारावर बसून सगळ्यांना सांगत असे, जागल्या आणि झुलीसकट. लोक ऐकत, हसत, आणि पूर्वीचेच मानत. बायकोने ते वाक्य भावाला सांगितले. मला सांगताना ती म्हणाली, "लपवून काय करू, भाऊजी? त्यायले समजलं पाह्यजे, मूठ कोनासाठी धरून राहिले."

 त्या दिवसापासून भाऊ ताटापाशी न बसता चाडे गळ्यात अडकवून अंगणात चालत दाणे सोडू लागला, कारण वावरात बसून पेरता येत नाही. त्याचे पाऊल अजून किंचित घासत असे. त्याने वहाण कापडाने पायाला बांधली. बायको झाडू घेऊन मागे चाले, पण झाडण्याआधी जमिनीवर पडलेली ओळ निरखी. दाटी दिसली की ती तिथे झाडू टेकवून उभी राही. तो परत फिरे.

दसरा झाला, ओल बरोबर आली. हरभऱ्याच्या पेरणीसाठी मी रजा घेतली. घरच्या पेरणीला मी पंचवीस वर्षांत आलो नव्हतो. त्यामुळे बैलांनीही माझ्याकडे संशयाने पाहिले. मित्राने आपली पेरणी मागे ठेवून आमची तिफण हाकली. धुऱ्यावर गावातली बरीच मंडळी काही ना काही निमित्ताने उभी होती. वयस्क पाटील बाभळीच्या सावलीत बसले होते. त्यांनी निमित्तही काढले नव्हते.

भावाने चाड्यावर मूठ धरली. बैल निघाले. तो हळू चालत होता आणि मित्र बैलांना त्याच्या पावलाशी ओढून धरीत होता.

"भाऊ, बैल इचारून राहिले," मित्र मागे न पाहता म्हणाला, "आज पेरनी हाये का वरात?"

"त्यायले सांग, नवरदेव म्हातारा हाये," भाऊ म्हणाला. मूठ हलली नाही.

वावराच्या टोकाला वळण घेताना त्याचे पाऊल ढेकळात अडकले आणि तो गुडघ्यावर टेकला. मित्राने बैल जागीच आवरले. धुऱ्यावरचे दोघे पुढे सरसावले. त्याची बायको मला ओलांडून त्यांच्या आडवी उभी राहिली. भावाने डावा हात जमिनीला लावला आणि उठला. उजवी मूठ तशीच वर, मिटलेली. त्यातून एक दाणा पडला नव्हता. त्याने ती पुन्हा चाड्यावर धरली. संध्याकाळपर्यंत पेरा पुरा झाला. पेरणीच्या दिवशी बोलण्यासारखे काही नसते. वाचायचे असते ते नंतर उगवते.

मी अमरावतीला गेलो आणि उगवण झाल्यावर आलो. बसमधून उतरून घरी न जाता वावराकडे गेलो. काळ्या जमिनीवर हिरव्या रेघा धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत गेल्या होत्या. मी त्यांच्या काठाने चालत गेलो. खाडा नव्हता. दाटी नव्हती. वळणापाशी, जिथे तो पडला होता, तिथे खाली बसून पाहिले. ओळ थांबली होती ती जागा मला सापडली नाही. मज्जातंतू परत आल्याचा याहून चांगला पुरावा मी कोणत्याही नियतकालिकात वाचलेला नाही.

भाऊ आणि त्याचा मित्र धुऱ्यावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. थोड्या वेळाने वयस्क पाटील काठी टेकत आले. ते आमच्याशी न बोलता वावरात उतरले. एका ओळीने शेवटपर्यंत गेले आणि दुसऱ्या ओळीने परत आले. मध्ये दोनदा वाकले. त्यांचे वय पाहता वाकणे सोपे नव्हते. परत येऊन ते भावापुढे उभे राहिले.

"उद्या गहू हाये आपला," ते म्हणाले. "पहिली मूठ तुमची."

ते भावाला आजवर अरे-तुरे करीत आले होते.

भावाने वावराकडे पाहिले. घाई केली नाही. वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली त्याला लगेच उत्तर देण्याची त्याला गरज वाटली नसावी. मित्र तोंड उघडणार होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येतो," भाऊ म्हणाला. "दूध तेवढं उकळून ठेवजा."

पाटलांना हसू आवरले नाही. ते काठीवर भार देऊन उभ्या उभ्या हसले. मग भावाने उठण्यासाठी हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरला. तोच उजवा हात. उठून झाल्यावरही पाटलांना आपला हात सोडवून घ्यायला थोडा वेळ लागला. मूठ परत आली होती आणि चांगली घट्ट होती.